राजा अली हाजी : शब्दांचे अर्थ सांभाळणारा आलिम

इंडोनेशिया म्हटले की आपल्याकडे एकच वाक्य ठरलेले असते, जगातील सर्वात मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेला देश. त्यापुढे आपली माहिती फारशी जात नाही. तिथले लोक रोज काय बोलतात, रोज्याला काय म्हणतात, नवऱ्याला काय म्हणतात, हे विचारले तर आपण गप्प. आम्हीही शाळेत भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी दोन्हीत वावरतो, पण बरीच वर्षे आमचीही हीच गत होती. मग एका माणसाच्या आयुष्याबद्दल वाचनात आले आणि त्या भाषेचे दार उघडले. त्यांचे नाव राजा अली हाजी. आज त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. नावात राजा आहे म्हणून ते गादीवरचे राजे होते असे समजू नका. रिआऊच्या बेटांवर बुगिस-मलय राजघराण्यात जन्मलेल्या मुलामुलींच्या नावाआधी 'राजा' लागत असे. मुलींच्याही! त्यांच्या आत्याचे नाव राजा हमीदा होते. शब्द आपलाच, संस्कृतातला, पण समुद्र ओलांडला आणि अर्थ बदलला. या लेखात असे बऱ्याचदा होणार आहे, वाचकांनी तयारी ठेवावी.

सिंगापूरच्या दक्षिणेला बिंतान नावाचे मोठे बेट आहे. त्यावरील तांजुंग पिनांग या बंदरासमोर एक छोटेसे बेट दिसते, पेन्येंगात. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. मलय भाषेत पेन्येंगात म्हणजे डंख मारणारी गांधीलमाशी. सुलतान महमूद यांनी हे बेट राजा हमीदांना मेहर म्हणून दिले होते. जमिनीचा तुकडा किंवा दागिने नव्हे, अख्खे बेट. रिआऊ-लिंगाच्या सल्तनतीत सुलतान मलय घराण्याचा असे आणि तो लिंगा बेटावर राही. प्रत्यक्ष कारभार पाहणारा उपराजा बुगिस घराण्याचा असे आणि त्याचे ठाणे पेन्येंगातला होते.

राजा अली यांचा जन्म साधारण 1808 चा. आजोबा राजा हाजी यांचे नाव तिथे आजही आदराने घेतात. डचांशी लढताना 1784 मध्ये मलाक्काजवळ तेलुक केतापांग इथे ते शहीद झाले. वडील राजा अहमद. त्यांनी 1828 मध्ये हज केले, रिआऊच्या राजघराण्यातले ते पहिले हाजी मानले जातात. तरुण राजा अली त्या प्रवासात बरोबर होते. त्याआधी वडिलांबरोबर त्यांनी बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, पाहिले होते. मक्केत त्यांनी अरबी आणि दीनी इल्म घेतले. परतले ते हाजी होऊन, डोक्यात अरबी व्याकरण घेऊन.

ते मोठे होत होते तेव्हा त्यांच्या मुलखाचे दोन तुकडे झाले. 1824 मध्ये इंग्रज आणि डच यांनी आपापसात करार केला. सिंगापूर आणि मलाया इंग्रजांकडे, रिआऊची बेटे डचांकडे. एकच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे नकाशावरच्या एका रेघेने वेगळी झाली. आज मलेशियाची मलय आणि इंडोनेशियाची भाषा यांत जो फरक ऐकू येतो त्याची एक मुळी त्या रेघेत आहे.

1845 मध्ये त्यांचे चुलतभाऊ, त्यांचेही नाव राजा अली, उपराजा झाले. धर्म आणि न्यायाच्या कामात हाजींचा सल्ला घेतला जाई. पण तलवारीचे दिवस संपले होते. आजोबांसारखे लढून डचांना हटवता येणार नाही, हे दिसत होते. मग राहिले काय? कलम. 1847 मध्ये त्यांनी 'गुरिंदाम दुआ बलास' लिहिले. दोन-दोन ओळींच्या उपदेशपर रचना, बारा भागांत. इंडोनेशियातल्या शाळांतून ते आजही शिकवतात आणि राजा अली हाजी म्हटले की लोकांना तेवढेच आठवते. काही वर्षांतच डच भाषांतरासह ते बटाव्हियाच्या एका नियतकालिकात छापलेही गेले. त्याच्या शब्दांत आम्ही जाणार नाही, फक्त एक गोष्ट सांगतो आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

या मक्केत शिकलेल्या आलिमाने रोज्यासाठी शब्द वापरला 'पुआसा'. हा शब्द उपवास या संस्कृत शब्दावरून आला आहे. मलय भाषेत जन्नतला 'सुर्गा' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. जहन्नमला 'नराका'. गुनाहला 'दोसा', आपला दोष. सवाबला 'पहाला', म्हणजे फळ. नमाजला 'सम्बाह्यांग', तोही जुना देशी शब्द. इस्लाम येण्याआधीच हे शब्द त्या बेटांवर होते. लोकांनी दीन स्वीकारला आणि शब्द तेच ठेवून त्यांत नवा अर्थ भरला. हाजींनी ते काढून टाकले नाहीत. आपल्याकडे रमजान म्हणावे की रमदान, खुदा हाफिज की अल्लाह हाफिज, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जे तास जातात ते पाहून आम्हाला हे बेट आठवते. आपले नमाज आणि रोजा हे शब्दसुद्धा अरबी नाहीत, फारसी आहेत.

1850 मध्ये त्यांनी 'बुस्तान अल-कातिबीन' लिहिले, लिहिणाऱ्यांची बाग. मलय कसे लिहावे याचे हे पुस्तक. 1857 मध्ये ते पेन्येंगातलाच शिळाछापाने छापले. त्या वेळी मलय अरबी लिपीत लिहीत, तिला जावी म्हणतात. उर्दू वाचणाऱ्यांना ती बरीचशी ओळखीची वाटेल. आपण अरबीत नसलेल्या आवाजांसाठी टिंबे वाढवली तशी त्यांनीही वाढवली. चे आपल्यासारखाच, जीमच्या पोटात तीन टिंबे. पण पे वेगळा : फे वर तीन टिंबे. आणि ऐनवर तीन टिंबे दिली की नाकातला ङ. अशा लिपीत शुद्ध लिहायला मुलांना शिकवायचे तर नियम हवेत, म्हणून हाजींनी अरबी व्याकरणाची चौकट घेतली. इस्म, फेल, हर्फ. खरे सांगायचे तर मलय भाषा त्या चौकटीत नीट बसत नाही, तिचा स्वभावच निराळा. शिक्षक म्हणून आम्हाला हा दोष दिसतो आणि समजतोही. ज्याने जे व्याकरण शिकले त्याच्याच मापाने तो दुसरी भाषा मोजतो. मराठीला संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणाची मापे लावून आपण तरी दुसरे काय केले? पण या पुस्तकामागची त्यांची कळकळ खरी होती. बोलणे आणि लिहिणे बिघडले की अदब बिघडतो आणि अदब बिघडला की राज्य बिघडते, असे त्यांचे मत होते. सिंगापूरच्या बाजारात जी मिसळलेली मलय बोलली जाई, आपली माणसे पोशाखात आणि बोलण्यात गोऱ्यांची जी नक्कल करत, ते त्यांना पसंत नव्हते.

आता त्यांच्या आयुष्यातला तो भाग, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला.

1857 च्या सुमारास तांजुंग पिनांगला हेर्मान फॉन दे वाल नावाचा माणूस आला. मूळचा जर्मन, डच सरकारच्या नोकरीत. त्याला सरकारने काम दिले होते, मलय-डच शब्दकोश तयार करण्याचे. शुद्ध मलय कोणाची, तर रिआऊची, असा समज होता, म्हणून तो इथे आला. आणि शब्द विचारायला समोरच्या बेटावर कोणाकडे गेला? ज्यांच्या आजोबांना डचांनी मारले त्या राजा अली हाजींकडे.

हाजींनी दार बंद केले नाही. दोघांची मैत्री झाली आणि ती मरेपर्यंत टिकली. मधे फक्त खाडी. होडीतून पत्रे जायची-यायची. 1857 पासून 1872 च्या अखेरपर्यंतची ही पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. त्यांत शब्दांचे अर्थ आहेत, आजारपण आहे, घरचे निरोप आहेत, भेट का होऊ शकली नाही याची कारणे आहेत. साहेब एखादा जुना शब्द विचारायचा, हाजी त्याचा अर्थ लिहून पाठवायचे. कोणता शब्द दरबारात चालतो, कोणता कोळीवाड्यात, कोणता आता कोणी बोलत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर स्लँग आणि जुने शब्द दोन्हींची छाननी.

साहेबाच्या मदतीला आणखी एक रिआऊकर होता, हाजी इब्राहीम. त्याने तर कमालच केली. शब्द यादीत न मांडता त्याने माणसे बोलायला बसवली. दोघे गप्पा मारत आहेत आणि त्या गप्पांत रोजची बोली येते, असे पुस्तक. त्याचा पहिला भाग 1868 मध्ये आणि दुसरा 1872 मध्ये बटाव्हियाला छापला. भाषा शिकवायची ही पद्धत आज आपल्या पाठ्यपुस्तकांत नवी म्हणून मिरवते.

काहीजण म्हणतील, हा तर गोऱ्या सरकारचा हस्तक झाला. आम्हाला तसे वाटत नाही. कारण साहेबाला शब्द देता देता हाजींच्या मनात स्वतःचा कोश आकार घेत होता. 'किताब पेंगेताहुआन बहासा', भाषेच्या ज्ञानाचे पुस्तक. साहेबाचा कोश डचांसाठी होता, मलय शब्दापुढे डच शब्द. हाजींचा कोश मलय माणसांसाठी, मलय शब्दाचा अर्थ मलयमध्येच सांगणारा. त्या भाषेतला हा अशा प्रकारचा पहिला कोश मानतात. साहेबाच्या पद्धतीने आपल्याला लिहायचे नाही, हे त्यांनी त्याला मोकळेपणी कळवलेही होते.

या कोशाची सुरुवात अल्लाह या शब्दापासून, मग नबी, सहाबा. नंतर मूळाक्षरांप्रमाणे शब्द. पण अर्थ द्यायची रीत बघा. एका शब्दाला एक प्रतिशब्द देऊन ते थांबत नाहीत. गोष्ट सांगतात. मुलांचा खेळ असेल तर तो कसा खेळतात ते सांगतात. रीतिरिवाज असेल तर तो समजावतात. मधेच चार ओळींचे काव्य, मधेच कोणाची चूक दाखवून कानउघाडणी. कोश वाचतोय की एखाद्या बुजुर्गाच्या ओसरीवर बसलोय, अशी ती रीत.

आणि घोळही तिथेच झाला. प्रत्येक शब्दाला गोष्ट सांगत बसले तर कोश पुरा कधी होणार? त्याच वर्षांत त्यांच्या हातून दुसरेही मोठे काम होत होते, मलय आणि बुगिस राजघराण्यांचा इतिहास, 'तुहफत अल-नफीस'. ते 1865 मध्ये सुरू झाले. वडील राजा अहमद यांचाही त्यात वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. तो ग्रंथ पुरा झाला आणि आज त्या भागाचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. कोश मात्र अलिफपासून निघाला आणि चे या अक्षरापर्यंत येऊन थांबला. सारी मूळाक्षरे पुढे तशीच राहिली.

1873 च्या सुमारास राजा अली हाजी अल्लाहला प्यारे झाले. फॉन दे वालही 1873 मध्येच गेला. पण साहेबाचे कागद सरकारच्या ताब्यात होते. फान दर टुक या विद्वानाने ते संपादित केले आणि 1877 पासून तो मलय-डच कोश सरकारी खर्चाने छापून निघाला. हाजींचा अर्धा कोश हस्तलिखितात पडून राहिला. 1913 पर्यंत डचांनी सल्तनतच मोडीत काढली, राजघराण्यातील लोक सिंगापूरला निघून गेले. शेवटी 1929 मध्ये सिंगापूरच्या एका छापखान्याने तो कोश छापला. जो आपल्या भाषेचे शब्द दुसऱ्याला देत होता त्याचा कोश छप्पन्न वर्षे मागे राहिला. याचा राग यावा की नाही, आम्ही ठरवू शकलेलो नाही. साहेब आपले काम चोख करत होता, हेही खरे.

त्याआधी एक वर्ष, 28 ऑक्टोबर 1928 रोजी, बटाव्हियात जमलेल्या तरुणांनी शपथ घेतली होती : देश एक, कौम एक आणि भाषा इंडोनेशियाची. जावानीज बोलणारे संख्येने कितीतरी जास्त होते, तरीही मलयला पसंती मिळाली. शाळांतून आणि छापील पुस्तकांतून जी मलय प्रमाण मानली गेली तिचा पाया रिआऊचा. म्हणजे हाजींची भाषा पुढे करोडोंची झाली.

पण ती हाजींच्या हातात राहिली का? इथे काही शब्द सांगतो. हे त्यांच्या कोशातले उतारे नव्हेत, त्यांच्या काळची मलय आणि आजची रोजची इंडोनेशियन यांतले अंतर कळावे म्हणून.

दरबारात राजाच्या झोपण्याला 'बराडु' म्हणत. आज जकार्तात बराडु म्हणजे टक्कर, स्पर्धा. राजा सिंहासनावर बसला, मुक्काम केला, की 'बरसमायाम'. आज तोच शब्द थोडा बदलून मय्यत अंत्यदर्शनासाठी ठेवली आहे हे सांगायला वापरतात. राजाच्या जेवणाला 'सांताप'. तो शब्द मात्र नशीबवान, हॉटेलच्या जाहिरातीत गेला. 'सरोनोक' म्हणजे मनाला आनंद देणारे. मलेशियात आजही मुले सहलीहून आली की सरोनोक म्हणतात. इंडोनेशियात मात्र हा शब्द चारचौघांत जपून वापरावा, तिथे तो तोकड्या, उत्तान कपड्यांना लावतात. 'चांगिह' म्हणजे पूर्वी फार बडबड करणारा, उगाच खोड काढणारा. आज चांगिह म्हणजे अत्याधुनिक, मोबाईल चांगिह असतो.

'बिसा' तर आमचा आवडता. जुन्या मलयमध्ये बिसा म्हणजे सापाचे विष. शब्द विष याच शब्दावरून आला. आजच्या इंडोनेशियात बिसा म्हणजे जमते, शक्य आहे. दिवसातून शंभर वेळा लोक बिसा म्हणतात आणि कोणालाही साप आठवत नाही. नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, म्हणजे स्वामी. बायकोला 'इस्त्री'. हे वर्गात सांगितले तेव्हा मुले इतकी हसली की तास तिथेच संपला.

मी म्हणायचे कसे, यात तर सारा समाज दिसतो. 'हाम्बा' म्हणजे गुलाम, आणि नम्रपणे मी. 'सहाया' म्हणजे सेवक, त्याचे झिजून झाले 'साया', आज सभ्य भाषेत मी म्हणजे साया. उर्दूत बंदा म्हणतो त्यातलाच प्रकार. हाजींच्या काळी कोणापुढे कोणता मी वापरायचा यावर माणसाची लायकी ठरे. आज जकार्ताची पोरे मित्रांत 'गुए' म्हणतात, तो चिनी व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतून आला. बताविंच्या बोलीत 'आने' आणि 'एन्ते' ऐकू येतात, ते अरबी अना आणि अन्ता. मक्केत व्याकरण शिकलेल्या आलिमाने आपल्या अना-अन्ताची ही अवस्था पाहून काय म्हटले असते?

त्यापुढची गंमत म्हणजे टोळक्यांची गुप्त बोली. बापाला 'बापाक' म्हणतात. त्याचे शेपूट तोडायचे, उरले बाप. मधे 'ओक' घालायचे, झाले 'बोकाप'. गुंडाला 'प्रेमान' म्हणतात, त्याच कारखान्यातून निघाला 'प्रोकेम' आणि तेच त्या बोलीचे नाव पडले. आधी गुन्हेगार, मग कॉलेजची मुले, आता सगळेच. मोबाईलच्या पिढीने वेगळीच काटछाट केली. 'मालास गराक' म्हणजे हलायचा कंटाळा, त्याचे 'मागर'. 'बावा परासाआन' म्हणजे गोष्ट मनाला लावून घेणे, त्याचे 'बापर'. आणि जुन्या कथांच्या तोंडचे 'अलकिसाह', 'शाहदान', जे हाजींसारख्यांच्या लिखाणात गंभीरपणे येत, ते आता कोणी गमतीने गोष्ट रंगवायला वापरतो.

हाजी असते तर रागावले असते, यात शंका नाही. पण आम्हाला वाटते, रागावून झाल्यावर त्यांनी बोकापची गोष्टही लिहून काढली असती. कारण शब्द कोणाच्या तोंडून, कुठे, कोणासमोर निघतो हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ पुरा वाटत नसे. यंदा आम्हीही आमच्या वर्गात मुलांना घरून दादी-नानीचे शब्द आणायला सांगितले. नक्को, हौर, काइकू हे आले. एका मुलीने विचारले, सर, हे चुकीचे शब्द आहेत ना? तिला कोणीतरी तसेच शिकवले होते. आम्ही तिला हाजींच्या कोशाबद्दल सांगितले, तो चे पर्यंतच आहे हेही सांगितले. मग पुढचे कोणी लिहिले, असा तिचा पुढचा प्रश्न होता.

2004 मध्ये इंडोनेशियाने राजा अली हाजींना राष्ट्रीय वीर हा किताब दिला. आज तांजुंग पिनांगहून लाकडी मोटरबोटीत, तिला तिथे पोम्पोंग म्हणतात, बसले की पंधराएक मिनिटांत पेन्येंगात येते. उतरल्यावर समोर पिवळी मशीद, 1832 ची. बांधकामात अंड्याचा पांढरा बलक चुन्यात मिसळला होता असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आत्या राजा हमीदा यांच्या मकबऱ्याच्या भिंतींवर गुरिंदाम कोरलेले आहे. हाजींची स्वतःची कबर इमारतीच्या आत नाही, बाहेर आहे.

आजूबाजूला लहान पोरे खेळत असली तर रिआऊची बाई त्यांना 'बुडाक' म्हणेल. रिआऊच्या मलयमध्ये बुडाक म्हणजे मूल. जकार्ताहून आलेला पाहुणा ते ऐकून दचकतो. त्याच्या प्रमाण भाषेत बुडाक म्हणजे गुलाम.